गजाकाकांची जिरवाजिरवी

पाऊस थांबला की आमचे शेजारी गजाकाका कुंपणाशी येतात आणि समोरून जाईल त्याला विचारतात, "काय, तुमची जिरली काय?" जुनी माणसं हसून पुढे जातात. समोरच्यांच्या नव्या सुनेने मात्र थेट माहेरी फोन लावला होता.

काकांना अंगणातली डबकी म्हणायचं असतं. "आता पावसात दुसरं काय जिरनार?" हे त्यांचं म्हणणं.

मांडव्याकडे जाताना आमचा उतार लागतो, त्याच्या मधोमध त्यांचं घर. पुढे एक फरशी नाही. नुसता वाळा लावलाय आणि जांभ्याचे तुकडे भरलेले तीन शोषखड्डे. काका रोज त्यांत काठी घालून बघतात. "हा बरा पेतो. ह्याला अपचन झालंय," असं चालू असतं.

मी नगरपरिषदेत कारकून. मध्यंतरी आमच्याकडे योजना आली. आपल्या जागेत पावसाचं पाणी जिरवील त्याला क्रेडिट मिळणार, आणि ज्याला आपली जागा काँक्रीटने झाकायची असेल त्याने ते त्याच्याकडून विकत घ्यायचं. काकांचा अर्ज मीच भरला. तपासणीला साहेब आले, तर काकांनी दारातच विचारलं, "साहेब, तुमची जिरली काय?" साहेब लालबुंद. चहा होईपर्यंत मी त्यांना व्याकरण समजावत होतो. तरी गावात सगळ्यांत जास्त क्रेडिटं काकांनाच मिळाली, हे साहेबांचं मोठेपण.

मग वरच्या टेकाडावर बंगले बांधणारा बिल्डर आला. त्याला नेमकी तेवढीच क्रेडिटं कमी पडत होती. ती मिळाली की सगळं टेकाड झाकून टाकायला मोकळा. पैसे चांगले देत होता, आणि काकांची कौलं गळत होती, म्हणून मीही मागे लागलो.

"न्हाय इकनार," काका म्हणाले. "टेकाड झाकलं तर ते सगलं पानी माझ्या तीन खड्ड्यांत मावनार हाय काय? खाली जानार."

"मग जाऊ द्या की! खाली दामूच तर राहतो."

दामू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. बांधावरून भांडण झालं, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. "गजाची जिरवल्याबिगर मरनार न्हाय," असं दामू चारचौघांत बोललेला. मला वाटलं, काका खूश होतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला स्वतःची लाज वाटली. पुढे आठवडाभर माझ्याशीही अबोला. बिल्डर अजून खेपा घालतोय.

परवा दोन दिवस पावसाने उसंत दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काका छत्री घेऊन माझ्या दारात उभे.

"खाली जाऊन बघून ये, दामूच्या पडवीत पानी शिरलं काय. मी धाडलं बोलू नको."

चिखल तुडवत गेलो आणि आलो. "कोरडी ठणठणीत आहे," मी म्हटलं. वाटलं, आता मिशीत हसतील, खड्ड्यांचं कौतुक सुरू होईल. पण काका जागचे हलले नाहीत.

"आन तो?"

"खाटेवर बसलाय. खोकतोय."

"खोकतोय ना," काका म्हणाले आणि माझ्या पायरीवर टेकले. "दोन दिस पावसाच्या आवाजात मला आयकायला येत नव्हतं."