अकरा वाजता मी एकटाच होतो

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. नववीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, शब्दही साधेच असणार. (शाळा का सोडली, ते पुढे येईल. ते बाहेर आलं नसतं तर हे लिहायची वेळच आली नसती.)

मी बाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. पानं शिवायची, खळ लावायची, पुठ्ठे चढवायचे. वकिलांच्या एका फर्मला ऑफिसात माणूस हवा होता. जुन्या फायली लावायच्या आणि कुठल्या दाव्याची तारीख कधी, याची डायरी सांभाळायची. शिक्षणाची अट नव्हती. मी अर्ज केला आणि निरोप आला, गुरुवारी अकरा वाजता फोनवर मुलाखत. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी ते घरात सांगितलं.

अनोळखी माणसाशी बोलताना माझी जीभ टाळूला चिकटते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ताई चपलांच्या दुकानात विक्रीला असते, तिला बोलण्याचं काय ते कळतं. तिनं मला दुकानातून सहा मोठे पुठ्ठे आणायला लावले आणि त्यांवर जाड अक्षरांत उत्तरं लिहिली. प्रश्न येईल तसा पुठ्ठा ती समोर धरणार. बाबांनी दोन दिवस आधी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. खालच्या शिंपीकाकांनी अकरा ते साडेअकरा मशीन बंद ठेवायचं कबूल केलं. आईला मात्र कुणी काही काम दिलं नाही. तिला एवढंच सांगितलं की तू बोलायचं नाहीस. कारण आईला तारखांचं वेड आहे. गॅस कधी संपला, आत्या शेवटची कधी रुसली, सगळं तिला तारखेनिशी पाठ, आणि कुणी चुकलं की तिला दुरुस्त केल्याशिवाय घास उतरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, फोन कानाला लावायचा, बाकीच्यांचा काय संबंध? तर माझ्या फोनच्या कानाकडच्या भोकात खळ जाऊन वाळली आहे. तो स्पीकरवरच बोलतो.

बरोबर अकराला फोन वाजला. एक वकीलबाई होत्या, आवाज शांत आणि घडी घातल्यासारखा. आमच्या कामात गुप्तता सगळ्यात महत्त्वाची, असं सांगून त्यांनी विचारलं, "आत्ता तुम्ही एकटेच आहात ना?"

मी समोर पाहिलं. ताई पुठ्ठे छातीशी धरून स्टुलावर उभी. बाबा खुर्चीत, दुखरा पाय पुढे करून. आई तोंडाला पदर लावून. या प्रश्नाचा पुठ्ठा केलेला नव्हता.

"एकटाच आहे," मी म्हणालो.

"वय?"

घाबरलं की माझं गणित जातं. मी म्हणालो, "बावीस."

"तेवीस," आई म्हणाली. "अकरा मार्चला पूर्ण झाली."

खालच्या मजल्यावर शिंपीकाका खाकरले, तेही वर ऐकू आलं. बाईंनी विचारलं, या कोण? मी म्हणालो, आई. आणखी कोण? मग एकेकाची नावनिशी सांगावी लागली. बाबा तर खुर्चीतल्या खुर्चीत फोनला नमस्कार करते झाले. माझे कान इतके तापले की त्यांवर इस्त्री झाली असती.

मला वाटलं, आता ठेवतील. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, शाळा का सोडली? ताईनं लगबगीनं पुठ्ठा वर केला. त्यावर लिहिलं होतं: वडील रंगकाम करताना शिडीवरून पडले, पाय मोडला, म्हणून घराला हातभार लावण्यासाठी.

हे उत्तर आमच्या घरात आठ वर्षं नांदत होतं. पाय दुखला की बाबा म्हणत, "या पायानं माझ्या पोराची शाळा खाल्ली." आणि त्या अपराधापोटी त्यांनी आठ वर्षांत माझ्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. मला फक्त तो पुठ्ठा वाचायचा होता. पण एका खोट्यात नुकताच तोंडावर आपटलो होतो. दुसरं घशातून बाहेर येईना.

"बाबांच्या पायामुळे नाही," मी पुठ्ठ्याकडे न बघता म्हणालो. "शाळेच्या कार्यक्रमात मला आभार मानायचे होते. चार ओळी. मी मुतारीच्या खिडकीतून पळून गेलो. दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या दिवशी गेलो नाही याची लाज वाटली. बाबा त्याच आठवड्यात पडले. मग मला कारण मिळालं."

ताईनं पुठ्ठा हळूच उलटा केला. बाबांनी आपल्या पायाकडे पाहिलं, जणू इतकी वर्षं त्याला विनाकारण बोल लावला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि तेच मला जड गेलं.

"आईंना हे माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"होतं," आई म्हणाली. "हे दवाखान्यात होते तेव्हा वर्गशिक्षक घरी येऊन सांगून गेले. सात ऑगस्ट, बुधवार. यांना सांगितलं असतं तर मोडक्या पायानंही उठून पोराला बडवलं असतं. मग पाय कधी बरा झाला असता?"

"आठ वर्षं कुणाला बोलला नाहीत?"

"विचारलं कुणी?"

फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई मला म्हणाल्या की मी एकदा खोटं बोललो आणि एकदा खरं. खरं बोललो त्याचं त्यांना कौतुक आहे, पण डायरी माझ्या हातात देववत नाही. ज्याला स्वतःचं वय आठवत नाही, तो दाव्यांच्या तारखा काय सांभाळणार? मग त्यांनी आईला विचारलं, उद्या सकाळी दहाला येता का?

हे आपल्याला विचारलंय, हे आईला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "उद्या शुक्रवार. येते."

खालून शिंपीकाकांनी हाक दिली, "झालं का? चालू करू मशीन?" ताई स्टुलावरून उतरली. त्या दिवशी बाबा जेवणाच्या ताटावर एवढंच म्हणाले, "चार ओळी होत्या फक्त?" मी मान हलवली. ते रागावले नाहीत, पण रोजच्यासारखा आपल्या ताटातला घास माझ्याकडे सरकवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या चपला पुसल्या, तिचा डबा धरला आणि तिला ऑफिसच्या दारापर्यंत सोडायला गेलो. वाटेत मी मनातल्या मनात चार वाक्यं जुळवली होती. आठ वर्षं तिनं तोंड मिटून ठेवलं, त्याबद्दल. दाराशी आईनं माझ्या हातातून डबा घेतला.

"आता जा तू," ती म्हणाली. "आत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत."

मी गेलो. आभार मानायचे परत राहिले.