दिगंबर गुरवांची ताटली

तपासायला पू द्यायचा होता आणि मी जखम जंतुनाशकाने लखलखीत धुऊन गेलो. पाहुणे यायचे म्हणून आपण अंगण झाडून घेतो ना, तसंच. किनाऱ्यावर ओढलेल्या रापणीच्या जाळ्यातले मासे निवडायला अनवाणी गेलो असताना शिंगाळ्याचा काटा पायाच्या अंगठ्यात घुसला होता. अंगात मधुमेह मुरलेला, त्यामुळे अंगठ्याचं वांगं झालेलं. असला पाय घेऊन मालवणच्या बाजारातून लॅबमध्ये जायची मला लाज वाटली, एवढंच.

लॅबमधल्या दिगंबर गुरवांनी चकाचक पाय न्याहाळला. "मास्तरांनू, तपासूक इलास काय वऱ्हाडाक?"

मी पोस्टमास्तर होतो. निवृत्त झालो तरी लोक मास्तरच म्हणतात. अक्कल तपासून कोणी पदवी काढून घेत नाही.

दिगंबरांचं घराणं देवळातलं. वडील देवाला कौल लावायचे. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि कुठल्या बाजूची पडते ते बघत बसायचं. दिगंबर तेच काम काचेच्या ताटलीत करतात. ताटलीत जेलीसारखा थर असतो. त्यावर रोग्याचे जंतू सारवायचे, वर औषध मुरवलेल्या कागदाच्या टिकल्या चिमट्याने ठेवायच्या आणि ताटली रात्रभर उबेला ठेवायची. सकाळी ज्या टिकलीभोवती ऐसपैस मोकळं रिंगण दिसेल, ते औषध चालतं. जंतू टिकलीला खेटून वाढले असतील, तर ते औषध फुकट.

टिकल्या ठेवताना दिगंबर चक्क गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, ह्या पायात जो कोण ठाण मांडून बसलो आसा, तेका भायरची वाट दाखय रे म्हाराजा!" पलीकडच्या टेबलावर रक्त काढणाऱ्या सुमनबाईंना हातातली सुई सांभाळत "होय म्हाराजा" म्हणावंच लागतं. पण देवावर सगळा भार टाकतील तर ते दिगंबर कसले! "देव उजवो-डावो सांगता. ताटली मिलिमीटरात सांगता." त्यासाठी खिशात कायम प्लास्टिकची पट्टी. बाजारात बांगडासुद्धा पट्टी लावून घेतात. ते दिसले की मासेवाल्या बायका टोपलीवर फडकं ओढतात.

दोन दिवसांनी गेलो, तर माझी ताटली कोरी. काहीच उगवलं नव्हतं. मी खूश.

"म्हणजे जंतू मेले!"

"जंतू मेले, मगे पाय जांभळो कित्याक?" दिगंबरांनी चष्मा कपाळावर चढवला. "जखमेक काय लायलास?"

मी धुण्याचं सांगितलं.

"आनि पोटात?"

बायकोच्या दाढेसाठी आणलेल्या गोळ्या उरल्या होत्या. त्या टाकवेनात म्हणून तीन दिवस मी खात होतो. तेही सांगून टाकलं. सुमनबाई हसल्या. दिगंबर हसले नाहीत. त्यांनी माझ्यादेखत डॉक्टरांना फोन लावला.

त्याच दुपारी डॉक्टरांनी मला दाखल करून घेतलं, जखम उघडली आणि आतला पू ताटलीसाठी पाठवला. "सध्या अंदाजाने औषध देतोय," ते म्हणाले. "लागू पडलं नाही, तर अंगठा काढावा लागेल." मग मात्र मी वाकून पाय नीट बघितला. लाली घोट्याकडे सरकत होती.

तिसरा दिवस रविवार. लॅब बंद. तरी सकाळी दिगंबर हातात कागद घेऊन वॉर्डात हजर. सहा टिकल्यांपैकी पाच फुकट गेल्या होत्या. त्यांत दाढेच्या गोळ्या होत्या आणि डॉक्टरांचा अंदाजही. सहाव्या टिकलीभोवती तेवीस मिलिमीटरचं रिंगण होतं. कागद देऊन ते गेले नाहीत. त्या सहाव्या औषधाची बाटली लटकेपर्यंत दारात उभे राहिले. मग खिशातून बॉलपेन काढून त्यांनी माझ्या पायावर लालीच्या कडेने रेघ मारली, मोजणीच्या नकाशावर हद्द आखावी तशी.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते यायचे आणि लाली रेघेच्या किती आत सरकली ते पट्टीने मोजायचे. माझी चौकशी नाही. चौकशी फक्त पायाची. चौथ्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "अंगठा राहतोय." दिगंबर तरीही मोजतच होते.

माझी बायको न राहवून म्हणाली, "भावजीनू, रोज येतास. घराकडे कोण वाट बघत नाय?"

"आवस बघी होती," दिगंबर मान वर न करता म्हणाले. "तिचो असोच पाय सुजललो. रिपोर्ट मुंबयसून इलो, तेव्हा तिचो बारावो चल्लो होतो." पट्टी एक रेघ पुढे सरकली. "आता कागद मी हातान नेतंय."

असलं ऐकलं की माझ्याने स्वस्थ पडवत नाही. मी गहिवरून उठून बसलो आणि म्हणालो, "दिगंबर, म्हणजे माझ्यात तुम्ही आई बघितलीत!"

पाय हलला, मोजणी चुकली. दिगंबरांनी माझा घोटा धरून पाय परत गादीवर टेकवला.

"आवस गप पडान रवायची," ते म्हणाले. "तुमका तेवढापन जमना नाय."