अण्णांची क्लीनरूम

आमच्या तंजावुरात देवळात शिरताना चप्पल काढतात. व्यंकटराव अण्णांच्या घरात शिरताना टोपी घालावी लागते. नायलॉनची, निळी, कान-भुवया झाकणारी. टक्कल पडलेल्यालाही सुटका नाही. "भुवया आहेत ना रे?" म्हणतात.

अण्णा माझे शेजारी. उपग्रह रॉकेटवर चढवण्यापूर्वी जिथे तपासतात, पुसतात आणि झाकतात, त्या क्लीनरूममध्ये त्यांनी सगळी नोकरी केली. एकदा पाहणीला आलेल्या बड्या साहेबाला त्यांनी दारातच अडवलं: मिशा झाका, नाहीतर काचेतून बघा. साहेबाने निमूट काचेतून बघितलं. निवृत्त होऊन अण्णा गावी आले, पण सवयी काही निवृत्त झाल्या नाहीत. कॉफीचा टंबलर हाती आला की टॉर्च तिरका धरून आत बघणार. तिरक्या उजेडात धूळ चमकते म्हणे. लग्नाच्या पंगतीत केळीचं पान पुसतच बसणार आणि सांबारवाला वाढपी ताटकळणार. कोणी हसलं की उत्तर ठरलेलं: "वर गेल्यावर पुसायास कोण जाणार?"

मीही पोटभर हसायचो. मग अण्णांच्या बायकोचं, आमच्या वहिनींचं, मूत्रपिंड बदलण्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतेल. अण्णांनी समोरची खोली घासूनपुसून अशी केली की मुंगीलाही आत जायला संकोच वाटावा. आम्ही हसणारे सगळे मुकाट्याने टोप्या चढवू लागलो.

आणि नेमकी अण्णांनाच सर्दी झाली.

सर्दी झालेल्याने क्लीनरूममध्ये पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. वहिनींची बहीण आत, अण्णा बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर. जेवण तिथे, झोप तिथे. खिडकीच्या बंद काचेतून बायकोकडे बघायचं आणि फोनवर विचारायचं, "गोळी घेतलीस कां? सरी, सरी, बरें. पाणी उकळलें होतें कां?" सर्दी गेली, डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी स्वारी ओट्यावरच.

शेवटी वहिनींनीच फोन केला. मी अण्णांना खेटून बसलो होतो, सगळं ऐकू आलं. "उपग्रह नव्हे मी. आंत या हो."

अण्णांनी हात धुतले, मास्क लावला, गाऊन चढवला आणि उंबऱ्यातच थबकले.

"भय वाटतें गं," ते म्हणाले. "उपग्रह बिघडला तर दुसरा करितात. तुला कोठून आणूं?"

पलंगावर जरा सरकून वहिनींनी जागा केली.