वीज गेलेली नाही

दर गुरुवारी सकाळी नऊ ते दुपारी चार आमच्या चऱ्होलीची वीज देखभालीसाठी बंद असते. ही बाब नियमाला धरून असल्याने तिचं कोणी वाईट वाटून घेत नाही. मीही घेत नसे. मी वीज नियमन कार्यालयाच्या स्वच्छ वीज धोरण कक्षात अधिकारी आहे आणि 'पूर्वसूचना देऊन बंद केलेली वीज बंद समजू नये' हे कलम माझ्याच हातचं. त्यावर मला बढती मिळाली. आईने सोसायटीभर पेढे वाटले.

पुढे माझ्या लेकीला, अनुयाला, दम्याचा त्रास सुरू झाला. वय वर्षं तीन, आणि घराभोवती बारा टॉवर धूळ उडवत उगवतायत. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं, दिवसातून तीनदा, न चुकता. मी ऑफिसात असताना तिला सांभाळणाऱ्या शालनबाई ते लावतात.

एका मंगळवारी त्यांचा फोन आला. "ताई, लाइट न्हाई. मशीन चालंना, आन् पोरगी लई धापा टाकतीया."

"शालनबाई, आज मंगळवार आहे."

"व्हय, पर त्ये लाइटीला कुठं ठावं हाय?"

सोसायटीच्या जनरेटरवर मशीन लावायला सांगून मी आमचे कक्षप्रमुख नानासाहेब यांच्या केबिनमध्ये गेले.

"मेसेज आला होता का?" साहेबांनी विचारलं.

"आला ना. वीज गेल्यावर दहा मिनिटांनी."

"मग झाली की पूर्वसूचना. उरलेल्या तासांची." त्यांनी चष्मा पुसला. "कलम तुमचंच आहे मॅडम. मी फक्त वाचतो."

वीज कंपनीने कक्षाचं हे मत फारच मनावर घेतलं. एक एप्रिलला तिने सर्व ग्राहकांना एकच मेसेज धाडला: 'यंदा आपल्या भागात वीज जाईल.' वर्षभराची सूचना एका फटक्यात झाली. तेव्हापासून आमच्याकडे वीज रोज जाऊ लागली आणि नोंदीत एकदाही गेली नाही. त्या मंगळवारनंतर मी घरी इन्व्हर्टर घेतला होता, पण त्याला चार्ज व्हायलाही वीज लागते. तो आठवड्यात गप्प झाला.

वर्षाअखेर विजेचा वापर निम्म्यावर आला, म्हणजे तिचा धूरही निम्म्यावर. चऱ्होली 'आदर्श स्वच्छ वीज क्षेत्र' ठरली. अहवाल मीच लिहिला; चांगला झालाय, सगळे म्हणतात. आदर्श क्षेत्रात डिझेलचा धूर शोभत नाही, म्हणून सोसायटीचा जनरेटर सील झाला. मी तक्रार केली. ती योग्य मार्गाने फिरत सतराव्या दिवशी माझ्याच टेबलावर आली. फेटाळावी लागली. 'अर्जदाराने नियमांचा अभ्यास करावा' असा शेराही मारला.

आता अनुया रोज माझ्याबरोबर ऑफिसला येते. ऑफिसात वीज जात नाही. नियमन करायला वीज लागते. माझ्या टेबलाखालच्या प्लगवर तिचं मशीन चालतं. नानासाहेबांनी मास्क लावलेल्या अनुयाचा फोटो काढून अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतला. खाली ओळ: 'मोकळा श्वास घेणारी पिढी'.

तोच नियम आता निगडी आणि दिघीलाही लागू होतोय. मी धीर करून म्हटलं, "सर, मला हरकत नोंदवायची आहे."

"नोंदवा ना, तुमचा हक्कच आहे. फक्त हरकत घेणारा माणूस धोरणात ठेवता येत नाही. चऱ्होलीच्या उपकार्यालयात बदली होईल. तुम्हाला घरही जवळ पडेल."

टेबलाखाली मशीन घुर्रघुर्र करत होतं; उपकार्यालयाच्या प्लगला चऱ्होलीचीच वीज. अनुया मास्कमधून माझ्याकडे बघत होती. मी हरकतीचा अर्ज पर्समध्ये परत ठेवला.

जाहीर सूचना रीतसर वर्तमानपत्रात दिली होती, फ्लॅट बुकिंगच्या जाहिरातीच्या खालीच. एकवीस दिवसांत निगडी-दिघीतून, तुमच्याकडून, एकही हरकत आली नाही. मी का गप्प बसले ते सांगितलं. तुमच्या घरी तर मशीनही नव्हतं.

नानासाहेब म्हणाले, लोकांचे आभार मानायला हवेत. म्हणून अहवालाच्या शेवटच्या पानावर 'एकमुखाने पाठिंबा देणारे नागरिक' या मथळ्याखाली तुमचं नाव घातलं आहे. चुकलं असल्यास कळवावे. मुदत काल संपली.