वारघडेदादा स्वतःला मार्क देतात

वारघडेदादांसमोर माणसानं नुसतं उभं राहायचीसुद्धा सोय नाही. चहाच्या टपरीवर तुम्ही ग्लास हातात घेतलात, की ते लांबूनच ओरडणार, "खांदे पुढे घ्या! हनुवटी वर!" जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या आमच्या ट्रस्टच्या छोट्या रुग्णालयात ते एक्स-रे काढतात आणि शेजारच्या खोलीत मी रक्त-लघवी तपासते. माझ्या नणंदेच्या लग्नात फोटोग्राफर "हसा" म्हणाला आणि मागून हे गरजले, "श्वास धरा!" अर्ध्या वऱ्हाडाने गाल फुगवले. अल्बम अजून घरात आहे, कुणाला दाखवायची चोरी.

एवढा आवाज, पण माणूस कमालीचा भित्रा. "भेव वाटतो, बाय," हे त्यांचं पालुपद. सूर्यमाळकडच्या पाड्यावर वाढलेले. साप दिसला तर "जा बाबा" म्हणून वाट देतील. पण ओटीपी आला की फोन टेबलावर उपडा ठेवतात. ठाण्याला एकदा लिफ्टमध्ये ठेवलेला पाय तसाच मागे घेतला आणि सगळे मजले चढून गेले. मोठ्या साहेबांची गाडी फाटकात शिरली, की यांना दरदरून घाम.

अशा माणसाच्या फोनवर एका सकाळी निरोप आला. तंत्रज्ञ म्हणून असलेली नोंदणी पुढे चालू ठेवायची, तर ऑनलाइन शिकवणी पूर्ण करा आणि शेवटी स्वमूल्यमापन भरा. नोंदणी गेली की नोकरी गेली, हे सांगायला नकोच.

"स्वमूल्यमापन म्हणजे काय गं?"

"तुमचे मार्क तुम्हीच तुम्हाला द्यायचे."

ते मटकन स्टुलावर बसले. "दुसरा कोणी तपासणार असता तर पाया तरी पडलो असतो. स्वतःच्या पाया कसं पडायचं?"

आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दादा तिथे जाऊन शिकायला लागले. पडद्यावर सर दिसले, की हे उठून उभे. सर म्हणाले, "समजलं?" की हे म्हणणार, "हो सर." अहो, ते रेकॉर्डिंग आहे, म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. "असू दे. उद्धट दिसायला नको." मला हसू आवरेना.

मग एके दिवशी ते गच्चीवरून उतरले ते थेट माझ्या लॅबमध्ये. चेहरा पांढराफटक. बाही वर करून म्हणाले, "माझं रक्त काढ."

"काय होतंय?"

"काढ म्हणतो ना."

त्या दिवसाचा धडा किरणांपासून बचावाचा होता. माझं हसणं कुठल्या कुठे पळालं. रक्ताचा थेंब काचेवर ओढला आणि मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी बघायला लागले; किरणांचा मार आधी त्यांनाच बसतो. दादा पाठीशी उभे. एरवी सगळ्या जगाला श्वास धरायला सांगणारा माणूस, त्या वेळी त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

सगळं ठीक होतं. मी तसं सांगितलं, तरी ते हलेनात.

"आज ठीक आहे," ते म्हणाले. "पण बाय, मी बॅज लावत नाही."

एक्स-रेवाल्यांच्या छातीला एक छोटा बॅज असतो. अंगावर किती किरणं आली ते त्यात साठतं, आणि ठरावीक काळाने तो तपासायला जातो. दादांचा बॅज खोलीबाहेरच्या खिळ्याला टांगलेला असायचा. मला वाटायचं, विसरतात.

विसरत नव्हते. पाड्यावरून तान्ही, रांगती पोरं यायची, छातीत कफ भरलेली. आई बहुतेकदा पुन्हा पोटुशी, तिला आत थांबवता येत नाही. आजी मशीन बघूनच भिंतीला चिकटायची. पोर तर टेबलावर टिकायचं नाही. मग आमच्याकडचा किरणं अडवणारा एकुलता एक शिशाचा एप्रन दादा पोराच्या पोटावर घालायचे, एका हाताने त्याला धरायचे आणि दुसऱ्या हाताने लांब वायरचं बटण दाबायचे. स्वतःच्या अंगावर काही नाही.

"हे करायचं नसतं, तुम्हाला माहीत नव्हतं?" मी चांगलीच तापले.

"माहीत होतं. म्हणून तर बॅज बाहेर. आकडा वाढला असता तर मला मशीनवरून उठवलं असतं. पोरांना कोणी धरलं असतं?"

आता स्वमूल्यमापनात तोच प्रश्न होता. बॅज नेहमी लावता का? हो किंवा नाही. उत्तरं आमच्या रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरबाईंकडे सहीला जाणार.

"हो वर बोट ठेवा आणि मोकळे व्हा!" मी म्हटलं.

"खोटं लिहायचा भेव वाटतो. खरं लिहायचा त्याहून वाटतो."

आणि या भित्र्या माणसाने 'नाही' लिहिलं. पुढचे दिवस आम्ही दोघं जीव मुठीत धरून होतो. फाटक वाजलं तरी दादा दचकायचे. शेवटी डॉक्टरबाईंनी बोलावलं. झापलं भरपूर, पण नोकरी राहिली, नोंदणीही झाली. नवे एप्रन आले. बॅज छातीवर, पोराला धरायचं ते नातेवाइकाने, एप्रन घालून, दादांनी काचेमागे. पुन्हा चूक झाली तर मशीन बंद.

मी पेढे आणले. दादांनी एक खाल्ला, तोही कसाबसा.

दुसऱ्या दिवशी दाभोशाचा एक बाप पोरीला घेऊन आला. एप्रन घालून त्याने तिला धरलं. दादा काचेमागून त्यांच्या घरच्या बोलीत तिला काहीबाही गोड बोलत होते, पण काचेतून आवाज कुठला पोचायला? पोर किंचाळत राहिली. फोटो मात्र स्वच्छ आला.

"बापाने छान धरलं," बाहेर येऊन ते म्हणाले. मग हात पँटला पुसत राहिले. दादांच्या घरी पाळणा कधी हलला नाही. वहिनी गेल्यापासून तर ते एकटेच. "आता मला कोणी पोर देणार नाही गं हातात," ते म्हणाले आणि घाईने खोलीत गेले.

त्याच पोरीचं रक्त घ्यायचं होतं. धरायला बाप होता, मदतीला रुग्णालयातल्या मावशी होत्या. तरी मी दारात जाऊन हाक मारली, "दादा, जरा धरायला या. इथे किरणं नाहीत."

ते धावतच आले. पोरीला मांडीवर घेतलं, तिचा दंड धरला, कानाशी काहीतरी पुटपुटले. ती हुंदके देत देत त्यांच्या छातीला टेकली. मी सुई काढली, कापूस लावला, पट्टी चिकटवली.

"झालं का गं?" दादांनी भीतभीत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "थोडा वेळ धरा अजून."