हौसाक्काच्या घरचा फ्यूज

माडगेवाडीत घरटी एक माणूस फ्यूज म्हणून द्यावा लागतो. सरकारी लाईन गावातून उठली, घराघरावर सोलरच्या पाट्या चढल्या आणि खोलीत बॅटरी आली, तेव्हापासूनचा हा नियम. नेमलेला माणूस आपला खातो-पितो, रानात जातो, कुणाशी भांडायचं तर भांडतो. फक्त घरात झेपण्यापलीकडचा करंट आला, की तो जातो आणि बाकीचं घर वाचतं.

हौसाक्काचा मुलगा बापू चैत्रात गेला. बापाच्या श्राद्धाच्या पंगतीत, भर दुपारी दोन वाजता, भाताचा घास हातात असताना. घरात कशाला धक्का लागला नाही. मिक्सरसुद्धा जळला नाही.

तेरावा झाला की तीन दिवसांत नवा माणूस नेमायचा असतो. म्हणून फ्यूज नेमणारे इन्स्पेक्टर चौगुले बॅग घेऊन आले. घरात दोघीच उरल्या होत्या, हौसाक्का आणि सून वैजू.

हौसाक्का चौथी शिकलेली. नवरा वायरमन होता. एका दुकानदारानं फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी खिळा ठोकला. पुढं दुकान पेटलं तेव्हा नवरा आत बोर्डापाशी होता. राख सावडून आल्यावर हिनं त्याची पकड आणि टेस्टर कमरेला खोचला आणि कामाला लागली. रडायला सवड नव्हती. बावीस वर्षं ती घरोघर जाऊन फ्यूजमध्ये बांधलेल्या जाड तारा उपसत आली होती. "अरे मुडद्यांनो, फ्यूज हा घरातला सगळ्यात कच्चा दुवा असतो! तोच पक्का केलात तर घर जळंल!" हे वाक्य गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

"आधी मला लावा," तिनं मनगट पुढं केलं.

चौगुल्यांनी चिमट्यासारखा मीटर मनगटाभोवती लावला. "चारशे दहा अँपिअर, आक्का."

"मग? दणकट आहे की."

"दणकट फ्यूज काय कामाचा? तुमचा इन्व्हर्टर पाच हजार वॉटचा, बॅटरी अठ्ठेचाळीस व्होल्टची. म्हणजे एकशेचार अँपिअर. त्यावर पाव भाग जादा धरला की एकशेतीस. तार झेपते एकशेऐंशी. माणूस या दोन्हींच्या मधला पाहिजे. बापू दीडशेचा होता."

"मला शिकवू नका. तार मीच ओढलीया."

वैजूनं ओला हात पदराला पुसून पुढं केला. एकशेचाळीस भरले.

"अगदी मापात!" चौगुले खूश झाले. "अशी माणसं मिळत नाहीत हो."

वैजूला जरा बरं वाटलं. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणी एवढं म्हटलं नव्हतं.

"ती नाही," हौसाक्का म्हणाली. "एक दिला. दुसरी देणार नाही."

"बिनफ्यूजचं घर नकाशावरनं निघतं, आक्का."

"आठ दिवस द्या." चौगुल्यांनी तशी मुदत लिहून दिली.

फ्यूज बारीक होत नसेल तर तार जाड करायची, एवढी साधी गोष्ट होती. हौसाक्कानं मनगटाएवढी केबल आणली. भिंती फोडल्या, जुनी तार उपसून काढली. सांत्वनाला बाया यायच्या, गळ्यात पडून रडायला बघायच्या, ही छिन्नी-हातोडा चालवत म्हणायची, "बसा. मला काम आहे." बाया बाहेर जाऊन म्हणायच्या, "पोटचा पोर गेला तरी टिपूस नाही. बाई आहे का दगड!" आठव्या दिवशी तार पाचशे अँपिअर झेपेल अशी झाली.

चौगुल्यांनी तार पाहिली, वाखाणली. मग आक्काच्या मनगटाला मीटर लावला.

"सहाशे चाळीस."

"आठ दिवसांत वाढलं कसं?"

चौगुल्यांनी मीटर पुन्हा लावून पाहिला; आकडा तोच. मग त्यांनी बॅगेतून बापूचा कागद काढला. "यात एक रकाना रिकामा राहिलाय. त्या दिवशी दोन वाजता घरात काय चालू होतं?"

"फ्रीज, पंखा, मिक्सर. चाळीस अँपिअरच्या वर जात नाही. दीडशेचा माणूस चाळीसला का गेला, ते तुम्हीच सांगा. मी सगळे जोड तपासलेत. एकही ढिला नाही."

मग वैजू जमिनीकडे बघत म्हणाली, "आत्यांना हुंदका आला होता."

"कुठं? एकच तर आला."

"एकच. मामांच्या नावाचं पान वाढताना."

चौगुल्यांनी रकाना भरला, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं. "आक्का, तुम्ही फ्यूज नाही. तुम्ही बॅटरी आहात. बावीस वर्षांचं आत साठलंय, त्यात आता बापूचं चढलं. तार कितीही जाड करा, तुम्ही तिच्या वरच राहणार."

हौसाक्का खाली बसली. हिशेब तिचा तिलाच कळला होता.

"रानात जाऊन रडले तर?"

"कुठंही गेलात तरी करंट घरच्याच लाईनवर."

"थोडं थोडं, रोजचं?"

"त्याला करंट मोजून सोडणारा कंट्रोलर लागतो. माणसांसाठी अजून निघाला नाही."

वैजूचं नाव रजिस्टरात चढलं. बसवायचं काम हौसाक्कानं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. ढिला जोड तापतो, आणि या गावात स्क्रू नीट आवळणारं दुसरं कोण होतं? वैजूनं डोळे मिटून घेतले होते. "दुखतंय का गं?" "नाही आत्या. तुमचा हात हलका आहे."

चौगुले गेले तशी शेजारची गजराबाई दारातूनच हंबरडा फोडत आली. "अगं हौसे, कसा गं गेला तुझा बापू! माझ्या मांडीवर खेळलेला! रड गं बाई, मोकळी हो!"

हौसाक्का उंबऱ्यात आडवी उभी राहिली. आतून हुंदका वर येत होता. तिनं तो गिळला. "गजरे, चालती हो. रडायचं असंल तर तुझ्या घरी, तुझ्या फ्यूजवर रड!"

दार लावून ती आत आली. जोड तपासतात तसा तळहात उलटा करून तिनं वैजूच्या कपाळाला लावला. कोमट होतं.

"आत्या, असं किती दिवस दाबून धरणार?"

"बॅटरीची गॅरंटी दहा वर्षांची असते."

"आणि तुम्ही गेल्यावर?"

खुंटीवर बापूचा सदरा होता. त्याच्याकडे पाठ करून हौसाक्का बसली, आणि थोड्या वेळानं तिनं हात पुन्हा उलटा करून वैजूच्या कपाळाला लावला.