जास्तीची खिडकी

इंदूअक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी दार वाजवायच्या. यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण आतून दार उघडलं तरी त्या वाजवतच राहायच्या. बोटाचं पेर वाकवून आधी वर, मग मध्ये, मग खाली कडीजवळ. यजमान हात जोडून उभा, आणि ह्या कान दाराला लावून. मग चपला काढता काढता निकाल सांगायच्या, "सागवान आहे हो तुमचं. जपा." आमच्या नशिबी मात्र दरवेळी एकच निकाल. "प्लायवूड. असू दे. चहा टाक."

आमचं घर हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात, अक्कांच्या घराच्या अगदी समोर. अक्का शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. उंची बेताची, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्या भल्यामोठ्या दुमजली कौलारू घरात त्या एकट्या राहायच्या. घरात अर्धा वाटा त्यांचा आणि अर्धा धाकट्या दिराचा. दीर माधवराव आणि जाऊ सुलभाताई बेळगावला होते.

दोघी जावांनी सगळं तरुणपण त्या घरातल्या एका स्वयंपाकघरात काढलेलं. मग एकदा आमटीत गूळ किती घालायचा यावरून बोलाचाली झाली. ती वाढत वाढत सासूबाईंच्या आजारपणात कुणी किती केलं इथवर आली, तिथून एकमेकींच्या माहेरांपर्यंत गेली, आणि माधवरावांनी बेळगावला बदली मागून घेतली. त्यानंतर सुलभाताईंनी ह्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. अक्कांनीही त्यांचं नाव काढलं नव्हतं. गूळ मात्र अक्का भरपूर घालायच्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हुबळीत जुनी घरं पाडून अपार्टमेंट उभं करायची साथच आली. एक बिल्डर बेळगावला जाऊन माधवरावांना भेटला. माधवरावांचा फोन आमच्या घरी आला, कारण अक्कांकडे फोन नव्हता. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"पाडायचं नाही," अक्का म्हणाल्या. "तुला वेगळं घर पाहिजे ना माधव? ह्याच घरात चार फ्लॅट करते. वरचे दोन भाड्याला, खालचा एक तुमचा, एक माझा. दसऱ्याला सुलभाला घेऊन ये. तिनं बघायचं. तिला नको वाटलं तर मी स्वतः त्या बिल्डरला हो म्हणून येते."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रविवारी काय करतोस रे श्रीधर?"

त्या दिवसापासून माझे रविवार संपले.

अक्कांचा बेत असा की नवं सामान घ्यायचंच नाही. एक तर पेन्शनीत ते बसत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे नव्या लाकडावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गावात कुठंही घर पाडायला काढलं की ही बाई छत्री घेऊन तिथं हजर. धुरळ्यात उभं राहून दारं वाजवायची, तुळया वाजवायची, फरशा टाचेनं वाजवायची. आणि पसंत पडलेल्या चौकटीचं एक टोक हमालाच्या खांद्यावर, दुसरं माझ्या. उणकलला तळ्याकाठचं एक घर नव्या वसाहतीसाठी पाडत होते. तिथून खांब आले. एका बंद पडलेल्या थिएटरची तिकिटांची खिडकी आली, ती वरच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्या मध्ये बसली. एका दवाखान्याचं दार आलं. त्यावर कानडीत रंगवलेलं, "सालागि बन्नि." म्हणजे रांगेत या. ते अक्कांनी न्हाणीघराला लावलं.

"अक्का, निदान खरवडून तरी घ्या," मी म्हणालो.

"कशाला? अक्षर बघ किती वळणदार आहे. आणि सांगितलंय त्यात चूक काय?"

सगळ्यात गाजला तो तारिहाळच्या एका बंद कारखान्यातला लोखंडी गोल जिना. अक्कांनी तो स्वतः मापला होता. गणिताच्या बाईंनी मापलेला, म्हणून मेस्त्रीनं परत मापला नाही. उभा केल्यावर लक्षात आलं की वरचा मजला आला तरी पायऱ्या उरल्यात, आणि त्या सरळ छताकडे निघाल्यात. बसप्पा मेस्त्री डोक्याला हात लावून म्हणाला, "अक्कार, इदु आगंगिल्री." हे व्हायचं नाही.

"आगतैति बिड्री," अक्का म्हणाल्या. होतंय हो, सोडा. हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाऊस आला, सुतार पळाला, महापालिकेचा माणूस येऊन भुवया उंचावून गेला, तरी आगतैति बिड्री. उरलेल्या पायऱ्यांवर त्यांनी कुंड्या ठेवल्या. वरचे भाडेकरू पुढे तिथं कोथिंबीर लावू लागले.

श्रावणात खालचं काम निघालं. जुन्या स्वयंपाकघराच्या बरोबर मधून भिंत घालून त्याची दोन करायची होती. अलीकडे अक्कांचा ओटा, पलीकडे सुलभाताईंचा. भिंत छातीपर्यंत आली आणि अक्कांनी काम थांबवलं. आतून एक छोटी, दोन झडपांची खिडकी आणली आणि म्हणाल्या, "ही इथं बसवा."

मेस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, मी अक्कांकडे. दोन घरांच्या मधल्या भिंतीत खिडकी? हवा येणार नाही, उजेड येणार नाही, येणार तो शेजारच्या फोडणीचा खकाणा. वेगळं घर कशाला म्हणतात मग?

"जास्तीची आलीय," अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "टाकू कुठं?"

जास्तीचं सामान मागच्या अंगणात पुरुषभर उंच रचलेलं होतं. त्यातली ही एकच वाया जाऊ नये असं का वाटावं, ते मला कळलं नाही. सुतारानं खिडकी बसवली, पण कडी लावली ती फक्त पलीकडच्या बाजूला. मी ती चूक दाखवली. म्हणजे अक्कांना इकडून खिडकी उघडता येणार नव्हती, बंदही करता येणार नव्हती.

"चूक नाही ती," अक्का म्हणाल्या. "मीच सांगितलंय. तिला नको असेल तर बंद राहू दे."

त्या दिवशी त्यांनी मला लवकर घरी पाठवलं. आणि इतके महिने ओझी वाहून मला जे समजलं नव्हतं, ते बोळ ओलांडताना समजलं.

दसऱ्याला माधवराव आणि सुलभाताई आले. अक्कांनी मलाही बोलावलं होतं, बहुधा धीराला. पलीकडच्या घरात त्यांनी शेगडी, चार भांडी, चहा-साखर सगळं मांडून ठेवलं होतं. माधवराव "रांगेत या" वाचून खो खो हसले. सुलभाताई हसल्या नाहीत. त्या खोल्या बघत फिरल्या, खांबावरून हात फिरवला, आणि स्वयंपाकघरात येऊन थांबल्या.

"ही खिडकी?"

जिन्यापुढे न डगमगलेल्या अक्का पुटपुटल्या, "जास्तीची होती." आणि बाहेर पडून आपल्या घरात आल्या. मी मागोमाग. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, पण शेगडी पेटवायची राहिली. ओट्याला टेकून त्या मिटलेल्या झडपांकडे बघत राहिल्या. मला त्यांची फार दया आली. ते त्यांना कळलं असतं तर मला छत्रीनं बडवलं असतं.

पलीकडून माधवरावांचा आवाज आला, "मग काय सांगू बिल्डरला?" भांडं वाजलं. थोड्या वेळानं माधवराव बाहेर पडून दुधाच्या पिशव्या घेऊन परत जाताना दिसले. दूध तापल्याचा वास आला. अक्कांनी पदरानं ओटा पुसला. तो स्वच्छच होता.

कडी सरकली. झडपा उघडल्या, आणि चौकटीत सुलभाताईंचा चेहरा आला. त्या अक्कांकडे बघत नव्हत्या, हातातल्या वाटीकडे बघत होत्या.

"अक्का, विरजण आहे का? दूध जास्तच आणलंय ह्यांनी. उद्या सकाळी दही लागेल."

अक्कांनी फडताळातून दह्याचं पातेलं काढलं. चमचा शोधला, तो समोर असून सापडला नाही. शेवटी त्यांनी अख्खं पातेलंच उचललं आणि खिडकीतून पलीकडे दिलं.

"अहो, एवढं काय करू? चमचाभर पुरे," सुलभाताई म्हणाल्या. "तुम्ही मग काय खाल?"

"उद्या तू देशील की," अक्का म्हणाल्या.